डाव्या बाजूची रेघ

हे मी बायकोला सांगितलेलं नाही. आईला नाही, वडिलांना तर नाहीच. चाळीतल्या ज्या मित्रांबरोबर मी निम्मं आयुष्य गॅलरीत उभं राहून काढलं, त्यांच्यातल्या एकालाही याचा वास लागलेला नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही मला ओळखत नाही. आणि ओळखत असलात, तर मला जसा ओळखता तसा मी नाही — एवढं तरी कळू दे.

मी तोंडावर बोलणारा माणूस आहे. लोक माझ्याबद्दल तसंच सांगतात, आणि मी ते आवडीने ऐकून घेतो. ‘अनंतराव कुणाची भीड ठेवत नाहीत.’ खरं आहे. गेली कित्येक वर्षं मी कुणाची भीड ठेवलेली नाही. फक्त एकदा, जेव्हा एकच खरा शब्द बोलायचा होता तेव्हा — पण थांबा. ते तसं एकदम सांगता येणार नाही. मला जमणार नाही.

आधी माझं काम सांगतो. परळला मोटारगाड्यांचा एक मोठा दुरुस्तीचा कारखाना होता. त्यात मी गाड्यांचं बाहेरचं अंग तपासत असे. इंजिनाशी माझा संबंध नाही. रंग, पत्र्यावरच्या चकचकीत पट्ट्या, आरसा, वायपर, दिव्यांच्या कडा, चाकांवरच्या तबकड्या, आतलं घड्याळ, सीटचं कापड — गाडी फाटकातून आत आली की हे सगळं बघायचं आणि कागदावर उतरवायचं. कुठे ओरखडा, कुठे पोचा, काय गायब. जिथे खोट सापडेल तिथे पिवळ्या मेणखडूने गोल करायचा. मग कागदावर शोफरची सही, माझी सही, आणि कागदाची कार्बनकॉपी शोफरच्या हातात. त्या कागदावर जे नाही ते गाडीवर नव्हतं — हा कारखान्याचा नियम. म्हणजे गाडी परत जाताना नवा ओरखडा निघाला, तर तो कारखान्यात पडला, आमच्याच कुणाच्या तरी हातून पडला, असं ठरायचं.

हे काम संशयाचं आहे. शोफर खोटं बोलतो असं धरूनच चालायचं. मालक जुना पोचा फुकटात काढून घ्यायला बघतो असं धरायचं. कामगाराने पाना पाडला आणि वर फडकं टाकलं असं धरायचं. सहा महिन्यांत माझी नजर अशी झाली की लग्नघरी गेलो तरी आधी समईचा पोचा दिसायचा. माणसंसुद्धा मी तिरक्या उजेडात धरून बघायला लागलो. हा गोड का बोलतोय? हा मदत कशाला करतोय?

आणि ही नजर मला दिली कुणी? गोविंदकाकांनी.

गोविंद परब आमच्याच चाळीतले, आमच्या खोलीपासून तिसऱ्या खोलीत राहणारे. कारखान्यात रंगारी आणि पॉलिशवाले. मूळ मालवणकडचे, घरात आणि रागात मालवणीच बोलायचे. मी बी.ए. झालो — आमच्या घरातला पहिला, वडील गिरणीत साच्यावर उभे राहून बहिरे झालेले — तेव्हा माझ्या पदवीच्या कागदाला काकांनी स्वतः चौकट करून आणली. मोटारीचा काळा रंग, सात हात दिलेला, प्रत्येक हात ओल्या पॉलिशकागदाने घासलेला. त्या चौकटीत तोंड बघून दाढी करता आली असती. आणि कारखान्यात इंग्रजी लिहिणारा माणूस हवाय, हे मॅनेजरांच्या तोंडून ऐकून माझं नाव त्यांनीच सुचवलं.

रंग बघायला मला त्यांनी शिकवलं. बोट फिरवायचं नाही. रंगावर मलमलचा तुकडा ठेवायचा आणि त्यावरून हात न्यायचा — मग केसाएवढा उंचवटाही हाताला लागतो. समोरून बघायचं नाही, गाल पत्र्याला लावून बघायचं. काकांना चार अक्षरं येत नव्हती. माझा कागद त्यांच्या उपयोगाचा नव्हता. ते माझ्या पिवळ्या गोलांवर काम करायचे. घरी मला ‘अरे अनंता’ म्हणायचे. कारखान्यात ‘अनंतराव, तुमी’. मला ते ‘तुमी’ फार आवडायचं. कबूलच करायचं तर हेही करतो.

दिवस संयुक्त महाराष्ट्राचे होते. मुंबई आपली की नाही हे दिल्लीत ठरणार, म्हणून लालबाग-परळ पेटलेलं. हरताळ, मोर्चे, लाठ्या, गोळ्या. आमच्या चाळीत घरटी एक माणूस तरी तुरुंग बघून आलेला. काकाही सत्याग्रहात एक दिवस आत बसून आले होते, आणि दुसऱ्या दिवशी छातीवर काळी फीत लावून कामावर. मॅनेजरांनी ती बघितली होती. तेव्हापासून कारखान्यात मराठी कामगारांवर डोळा होता. कुणाच्या हातून काही सांडलं तरी मुद्दाम सांडलं, असं बोललं जायचं. दोन कामगार मराठीत हळू बोलत असले की फोरमन जवळ येऊन उभा राहायचा. आणि कामगार? ते माझ्यावर डोळा ठेवून. पँटवाला, इंग्रजी लिहिणारा, साहेबाच्या टेबलाशी जाणारा. हा आपला की त्यांचा?

अशात एके दुपारी मलबार हिलवरची एक गाडी आली. मालक गिरणीचे एक डायरेक्टर. गडद हिरवी गाडी, बाजूने निकेलची पट्टी, बॉनेटवर दगड लागून पोचा पडलेला. हरताळानंतरचे दिवस, अंगणात फुटक्या काचांच्या गाड्यांची दाटी. शोफरने ही गाडी डाव्या अंगाने भिंतीला चिकटवून उभी केली. मधे जेमतेम एक माणूस आडवा शिरेल एवढी फट. भिंतीवर काजळी आणि तेलाचे ओघळ.

मी पांढरा सदरा घातला होता. नवा. संध्याकाळी शिवाजी पार्कला सभा होती, आणि तिथे कॉलेजातली जुनी मंडळी भेटणार होती. त्या फटीत शिरलो असतो तर सदरा गेला असता. गाडी पुढे घ्यायला सांगायची तर शोफर घाईत. मी उजवी बाजू बघितली, पुढची, मागची. बॉनेटवर गोल केला. आणि कागदावर लिहिलं — ‘लेफ्ट साइड : क्लीन’. दोन सह्या. कॉपी शोफरच्या हातात.

सदऱ्यासाठी. हो. एका सदऱ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी रंगशाळेत ढकलली, आणि काका माझ्या टेबलाशी आले. आजूबाजूला कोणी नाही असं बघून हळूच म्हणाले, “अनंतराव, त्या हिरव्या गाडयेच्या डाव्या आंगाक एक लांब रेघ आसा. तुमचो पिवळो गोल तेका नाय.”

मी वर न बघता म्हटलं, “मला माहीत आहे. तुम्ही तुमचं बॉनेट बघा.”

ते गेले नाहीत. म्हणाले, रंग मिळवायची चिठ्ठी तेवढी करून द्या, दोन दिवसांत मी ती रेघ नाहीशी करतो, कोणाला कळायचं नाही. मी म्हटलं, चिठ्ठी मिळणार नाही. चिठ्ठी केली असती तर मॅनेजरांनी विचारलं असतं — डाव्या बाजूला रंग कशाला? ती तर क्लीन होती ना?

ते गेले, आणि मी विचार करत बसलो. आता माझी ती तिरकी नजर बघा. मला वाटलं — हा माणूस इतका मदतीला का आलाय? उद्या चाळीत सांगेल, ‘अनंता बी.ए. झालो, पण तेका एवढी मोठी रेघ दिसली नाय.’ की मला कायमचा मुठीत ठेवायचा विचार आहे? मग त्याहून पुढे गेलो — रेघ याला आधी कशी दिसली? यानेच तर ओढली नसेल? छातीवर काळी फीत, गाडी गिरणी-डायरेक्टरची. खिळा हाताशी. ओढली, आणि आता साळसूदपणे सांगायला आला.

त्या दिवसांत माझा खरंच असा संशय होता, असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगत आलो. संशय होता म्हणून तसं वागलो. संशय येणं हा काय गुन्हा आहे?

पण मी अजून तुम्हालाही पूर्ण सांगितलेलं नाही. काका टेबलापासून गेल्यावर अर्ध्या तासाने मी रंगशाळेत गेलो होतो. काका फाटकाशी चहा पीत होते. मी गाल पत्र्याला लावून ती रेघ बघितली. पुढच्या चाकाच्या वरून मागच्या दरवाजापर्यंत, हँडलपाशी जराशी वळलेली. खोल, पत्र्यापर्यंत गेलेली. आणि तळाशी गंज. मी अंगठ्याने घासलं, अंगठा तांबूस झाला. ताज्या ओरखड्यात पत्रा पांढरा चमकतो. गंज रात्रीत येत नाही, त्याला दिवस लागतात. हेही मला काकांनीच शिकवलं होतं. रेघ गाडीबरोबर आली होती. कुठल्या तरी रस्त्यात कुणी तरी ओढलेली, काजळीच्या भिंतीआड लपवून शोफरने माझ्या गळ्यात घातलेली.

तेव्हा संशय वगैरे काही नव्हता. मला ठाऊक होतं. अंगठा मी फडक्याला पुसला.

आठवड्याने गाडी न्यायला शोफर आला, डाव्या बाजूला गेला, आणि ज्याची तो वाटच बघत होता तो आरडाओरडा त्याने केला. मॅनेजरांनी कागद मागवला. लेफ्ट साइड : क्लीन. आता गंज बघून कोणाला काही कळणार नव्हतं — आठवड्यात कुठल्याही ओरखड्याला गंज येतो. गाडीवर हात कोणाचा होता? परबचा. काळी फीत कोणी लावली होती? परबने.

ऑफिसात मॅनेजर, फोरमन, काका आणि मी. काकांनी हात पुसायचं फडकं खांद्यावरून काढून हातात घेतलं होतं. ते शांतपणे म्हणाले, “साहेब, रेघ गाडी आली तेव्हाच होती. दुसऱ्या दिवशी सकाळी मी यांना येऊन सांगितलं.” आणि माझ्याकडे बघितलं. अगदी निर्धास्त. मी काय बोलणार याची त्यांना काळजीच नव्हती.

मॅनेजरांनी मला विचारलं, “याने तुम्हाला सांगितलं होतं?”

मी म्हटलं, “नाही.”

आणि तेवढ्यावर थांबलो असतो तरी — पण कोणी विचारलं नसताना मी पुढे म्हटलं, “डावी बाजू मी स्वतः हात लावून बघितली होती.”

काकांनी ते फडकं घडी घालून टेबलावर ठेवलं — ते कारखान्याचं होतं — आणि गेले. त्याच दिवशी त्यांना काढलं. दाखला दिला नाही. मुद्दाम गाडी खराब करणारा रंगारी, ही बातमी गिरगावापासून दादरपर्यंतच्या सगळ्या गॅरेजांत पोचायला किती वेळ लागतो? मला मात्र ‘भरवशाचा माणूस’ म्हणून पुढे बढती मिळाली.

तुम्हाला वाटलं असेल, एवढंच. मलाही कधी कधी एवढंच असावंसं वाटतं.

संध्याकाळी चाळीत सगळे मला विचारायला आले. एकाच कारखान्यातले ना तुम्ही? काकांना का काढलं? मला धाक हा, की काका आता खरं सांगणार. चाळ त्यांच्यावर विश्वास ठेवणार, माझ्यावर नाही. मी गॅलरीच्या कठड्याला टेकलो, आवाज खाली आणला, आणि म्हटलं, “कसं सांगू? गाडी गिरणी-डायरेक्टरची. आणि काका सत्याग्रहातला माणूस. रक्त गरम झालं असणार.”

मी एवढंच म्हटलं. बाकीचं चाळीने केलं. तासाभरात काका चाळीचे वीर झाले. आमच्या पोरांवर गोळ्या चालवणाऱ्यांच्या गाडीवर परबकाकांनी खिळा ओढला! नोकरीवर लाथ मारली, पण वाकले नाहीत!

त्या रविवारी सकाळी चाळीच्या पटांगणात सत्कार ठेवला. झेंडूचा हार, नारळ, वर कापडी फलक. बोलणार कोण? चाळीत शिकलेला मी. आणि मी बोललो. नकार देता आला असता का? घशाला काही झालंय म्हणता आलं असतं. म्हटलं नाही. उलट आदल्या दिवशी बसून भाषण लिहून काढलं. ‘ज्या हातांनी वर्षानुवर्षं धनिकांच्या गाड्या उजळल्या, त्याच हातांनी त्यांच्या अंगावर महाराष्ट्राचा राग कोरला.’ टाळ्या थांबेनात. चांगलं बोललो मी. माझं सगळ्यात चांगलं भाषण तेच.

मग काका उठले. हार गळ्यात, हात लोंबकळलेले. म्हणाले, “ती रेघ मी ओढूक नाय.”

मागून वरच्या माळ्यावरचा सावंत ओरडला, “काका, इथे पोलीस नाय, बिनधास्त बोला!” आणि अख्खं पटांगण हसलं. प्रेमाने हसलं. काका पुन्हा काही तरी म्हणाले, ते घोषणांमध्ये कोणाला ऐकू आलं नाही. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि खाली बसले.

विचार करा, त्यांना मी कुठे नेऊन उभं केलं होतं. खरं बोलावं तर भित्रा ठरणार — वीर म्हणून उभा राहिला आणि मागे सरला. गप्प बसावं तर आयुष्यभर ते काम आपलं म्हणून मिरवायचं, जे दुसऱ्या कुणी केलं असतं तर त्यांनी त्याचा हातच तोडला असता. रंगावर बोटाचा ठसा उमटला तरी तळमळणारा माणूस तो.

दुसऱ्या दिवशी नळावर ते माझ्या मागे येऊन उभे राहिले. माझी बादली भरल्यावर म्हणाले, “अनंता, नोकरी गेली ती गेली. भियालंस तू, तां माका समाजता. पण माझ्या हातान रंग बिघडवलो, असा चार माणसांत सांगलंस. माका चोर म्हटलं असतंस तरी चालला असता.”

मी काय उत्तर दिलं? मी म्हटलं, “काका, लोक तुम्हाला मान देतायत. घ्या ना.”

त्यांनी आपली बादली उचलली. त्यानंतर त्यांनी मला ‘अरे’ म्हटलं नाही, ‘तुमी’ही म्हटलं नाही. काहीच म्हटलं नाही.

पुढे ते लालबागमधल्या एका दुकानात लोखंडी ट्रंका रंगवायचे. हिरव्या ट्रंका, वर पांढरी फुलं. दोन पैशांचा ब्रश, एकच हात, घासायचं नाही, सुकली की गिऱ्हाइकाला. मी हिंदमाता थिएटरला जाताना त्या दुकानासमोरचा फुटपाथ टाळायचो. महाराष्ट्र झाला, तेव्हा चाळीत रोषणाई झाली, मिरवणुकीत काकांना पुढे घेतलं. ते चालले. पुढे मंडळी बदलली तरी ही गोष्ट राहिली. नवे भाडेकरू आले की त्यांना सांगितली जायची. मी गॅलरीत असलो तर माझ्याकडे बघून विचारायचे, अनंतराव, तुम्ही तर तिथेच होता ना? मी मान हलवायचो. दर वेळी.

द्वारकाकाकींना — त्यांच्या बायकोला — त्यांनी खरं कधी सांगितलं नाही. का नाही, ते मला माहीत नाही. कदाचित सांगितलं असेल आणि काकींनीही सावंतासारखं हसून घेतलं असेल. काकी नवऱ्याचा अभिमान बाळगून राहिल्या. शिवण करून त्यांनी घर ओढलं, आणि कोणी हळहळलं तर म्हणायच्या, आमच्यानी राज्यासाठी नोकरी सोडली.

काका गेले ते एका सकाळी, झोपेतच. चाळीच्या जिन्याखाली सूचनांचा काळा फळा असतो. सेक्रेटरीने खडू माझ्या हातात दिला, अक्षर माझं चांगलं. मी लिहिलं. ‘आमचे ज्येष्ठ रहिवासी गोविंद परब यांचे दुःखद निधन. संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात त्यांनी धनिकाच्या गाडीवर जनतेचा राग कोरला आणि नोकरीवर पाणी सोडले.’ दुसरं वाक्य लिहायला कोणी सांगितलं नव्हतं. नुसतं नाव आणि अंत्ययात्रेची वेळ लिहून चाललं असतं.

काकी जिना उतरून खाली आल्या, दोघींच्या आधाराने. फळ्यासमोर थांबल्या. त्यांनाही अक्षर येत नव्हतं. मला म्हणाल्या, “काय लिवलंस रे, अनंता?”

मी वाचून दाखवलं.

त्यांनी पदराने तोंड पुसलं. म्हणाल्या, “परत एकदा वाच, बाबा. हळू वाच. गावाक जावन सांगूचा आसा.”

मी परत वाचलं. हळू वाचलं, शब्द न् शब्द, त्यांना पाठ होईपर्यंत.